अब्बांचे कान आणि एक फोनो प्रीअँप

ईदला अब्बांना नवा रेकॉर्ड प्लेअर मी भेट दिला, आणि पुढचे आठ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत.

अब्बांचा भवानीनगरला स्पीकरचा धंदा होता. आसपासच्या गावांतल्या हळदी, बारशी, साखरपुडे. लिंबाला भोंगा बांधून रेकॉर्डी वाजवणारे तेच. पुढं डीजे आले आणि धंदा बसला. भोंगे गेले, पण दोन लोखंडी पेट्या भरून रेकॉर्डी त्यांनी जपून ठेवल्या. जुना प्लेअर मात्र कधीच बंद पडला होता, म्हणून मी नवा आणला.

अब्बांनी तो नेहमीसारखा सरळ त्यांच्या अँप्लिफायरच्या माइकच्या भोकात जोडला. चाळीस वर्षं ते असंच जोडत आले होते, मला काय कळणार त्यातलं? आवाज आला तो पत्र्यावर खडे पडावेत तसा. ढोलकीचा पत्ता नाही, नुसती चिरचिर. त्यांनी दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली, मग प्लेअरवर फडकं टाकलं आणि सगळ्या रेकॉर्डी घासल्यात असं जाहीर केलं. वर एका माणसाला कळवूनही टाकलं. तो जुन्या रेकॉर्डींना काटे बसवून भिंतीवरची घड्याळं करून विकतो. शुक्रवारी येऊन तो दोन्ही पेट्या नेणार होता.

माझा राग तसा नाकावरच असतो. मी लोणी देवकरच्या कारखान्यात सुटे भाग तपासते. मोजल्याशिवाय साधा नट बाद केला तर साहेब फाडून खातील, आणि इथं अब्बा तीन रेकॉर्डी ऐकून दोन पेट्या बाद करत होते. भांडून उपयोग झाला नाही. बुधवारपासून तीन दिवस सुट्टी टाकली आणि प्लेअर घेऊन बारामतीत एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले.

काकांनी जोडणी कशी केली ते विचारलं आणि हसले. जुन्या प्लेअरच्या सुईतून करंट जोरात यायचा, तो कुठंही जोडला तरी चाले. नव्या सुईतून अगदी क्षीण येतो. शिवाय रेकॉर्ड बनवतानाच खर्ज दाबून वरचे सूर चढवलेले असतात. ते पुन्हा जागेवर आणायचं काम फोनो प्रीअँप नावाची डबी करते. माइकचं भोक नुसता आवाज मोठा करतं. चाळीस वर्षं स्पीकर लावलेल्या माणसाला हे ठाऊक कसं नाही, असं मी विचारलं, तर काका म्हणाले, कधी गरजच पडली नसेल.

त्यांनी दोन प्रीअँप पुढं ठेवले. एक साबणाच्या डबीएवढा, काळा, काही रूप नाही. दुसऱ्यात काचेचे दोन व्हॉल्व्ह, आतून केशरी उजेड, आणि किंमत पाचपट. मन अर्थातच दुसऱ्यावर गेलं. दिसतं तसं नसतं, असं म्हणून काकांनी दोन्ही माझ्या हातात दिले. घरी ऐका, नको असेल तो शनिवारी परत आणा.

गुरुवारी सकाळी मी आधी महागाचा जोडला. ढोलकी आली, बाजाची पेटी आली, घर भरून गेलं. मी खूश. खाटेवर बसलेल्या अब्बांनी मात्र हात वर केला.

"खाली घुमतंय. तुला ऐकू येत न्हाय?"

मला काहीच येत नव्हतं. सुई उचलली, स्पीकरला कान लावला, तेव्हा कुठं बारीक घुंऽऽ ऐकू आली. एवढे पैसे आणि वर घुमणं? स्वस्तातला जोडला, तोही घुमला. मी काकांशी भांडायच्या तयारीनं दोन्ही डब्या पिशवीत भरायला लागले. तेवढ्यात अब्बा उठून परसात गेले. मागं जाऊन बघते तर अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी सरकवून उभे. उन्हानं खड्डा कोरडाठाक पडला होता; ओल नसली की अर्थिंग लागत नाही आणि स्पीकर घुमतो. लग्नाच्या मांडवात भोंगा बांधायच्या आधी हा माणूस जमिनीत सळई ठोकून मिठाचं पाणी ओतायचा, आणि स्वतःच्या घरचा खड्डा कैक वर्षं कुणी बघितला नव्हता. मूठभर मीठ, दोन बादल्या पाणी. परत आलो तर घुमणं गेलेलं.

मग मी त्यांना पाठ करून बसवलं आणि न सांगता डब्या अदलून-बदलून लावल्या. पाच वेळा.

"दोनी एकच वाजत्यात," ते म्हणाले. "महागाचा कुठला ते तरी सांग."

खरं सांगायचं तर मलाही फरक कळला नव्हता. काळी डबी ठेवायची ठरली. मी वायरी आवरत होते, तेव्हा अब्बा माझ्याकडं न बघता बोलले.

"रेकॉर्डी घासल्यात म्हणलो ते खोटं होतं. मला वाटलं, माजं कान गेलं."

मला लाज वाटली. आठ दिवस मी पेट्यांसाठी भांडत होते, आणि हा माणूस आपलं आयुष्य संपलं असं समजून गप्प बसला होता.

शुक्रवारी घड्याळवाला रिकामी खोकी घेऊन आला. अब्बांनी त्याला चहा दिला आणि पेट्या द्यायच्या नाहीत म्हणून सांगितलं. त्याच्या गाडीत डाळजहून उचललेलं जुन्या रेकॉर्डींचं एक खोकं होतं, ते मात्र आत आणायला लावलं. एकेक रेकॉर्ड पुसून, थोडी थोडी वाजवून बघितली. जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली तेव्हा त्यातल्या चार त्याच्या हातात दिल्या.

"ह्या खरंच गेल्यात, ह्यांची कर घड्याळं. बाकीच्या जित्या हायेत, त्यास्नी हात लावू नको."

त्या माणसानं चारही रेकॉर्डी काखेत धरल्या. मग म्हणाला, त्याच्या गोदामात अजून बऱ्याच आहेत, तेवढ्या ऐकून बघाल का?

अब्बांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"कवा आणतोस?"