सुई दिलेला हात

बेंबळीच्या दवाखान्यातल्या नर्सबाई भेटल्या की आधी माझ्या पोरीची नाडी बघायच्या. मग तिला लांबच्या एसटीची पाटी वाचायला लावायच्या. दुष्काळात मला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, तेव्हा बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावं म्हणून त्यांनीच मला स्टिरॉइडची सुई दिली होती.

धडधाकट पोरीला सारखं तपासलेलं मला खुपायचं. "नऊ वर्षांची झाली की आता, बाई," मी एकदा म्हणाले.

"श्वास घेईल, एवढंच डॉक्टर बोलले होते. पुढचं कुणालाच ठाऊक न्हाय. सुई माझ्या हातची हाय, बघाया नको व्हय?"

पुढं त्यांची मुरूम गावाला बदली झाली. त्यांना सोडायला आम्ही स्टँडवर गेलो, तिथं त्यांनी पोरीला पुन्हा पाटी वाचायला लावली.

"मुरूम," पोरगी म्हणाली.

बाई त्याच गाडीत चढल्या. गाडी हलली, तशी माझी बोटं पोरीच्या मनगटावर गेली.