सर्जाची किक

कामोठ्यातल्या त्या सोसायटीत बाबासो साळुंख्यांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्यांच्यावर एकदा तरी न चिडलेलाही सापडायचा नाही. तसा गडी लाखात एक. तुर्भ्याच्या मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोण्या वाहण्यात उभी हयात गेली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा रिटायर झाले. आता अशा माणसानं काय करावं? संध्याकाळी बागेत चार म्हातारे गाठावेत, गप्पा हाणाव्यात. पण नाही! बाबासोंनी पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली झोपलेल्या आपल्या जुन्या राजदूत मोटरसायकलला उठवायचं ठरवलं. आणि ते कुठं? तर तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत, बायको वेणूबाईंच्या ओट्याशेजारी.

गाडीचं नाव सर्जा. साताऱ्याकडे त्यांच्या वडिलांचा एक बैल होता, त्याचंच नाव गाडीला दिलेलं. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत संसार मांडला, तेव्हाची ती पहिली मोठी खरेदी. वेणूबाईंना मागे बसवून बाबासोंनी सगळी नवी मुंबई पालथी घातली होती. म्हणजे तेव्हा जेवढी होती तेवढी, बाकी खाडी आणि चिखल. शेजारच्या बायका बसची वाट बघत उभ्या, आणि ही बाई पदर खोचून मागे ऐटीत. बाबासो ते दिवस विसरले नव्हते. वेणूबाईही विसरल्या नव्हत्या, पण तसं कबूल करतील तर शपथ!

तर काम सुरू झालं. गाडी तुकड्या-तुकड्यांनी लिफ्टमधून वर यायला लागली. पुरणाच्या कढईत चेन तेलात उकळली गेली. इंजिनाच्या झाकणाखाली घालायला जाड कागद हवा होता, तर मेव्हण्याच्या मुलीची लग्नपत्रिका हाताला लागली. ती कातरून बसवल्यावर लक्षात आलं की लग्न अजून व्हायचंय, आणि तारीख तर इंजिनात गेली. टाकीच्या पोटातला गंज काढायला बाबासो आत खडी भरून ती दोन्ही हातांनी घुसळायचे, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक देवाचं नाव घ्यायचे.

"बया बया बया! घर हाय का ग्यारेज?" वेणूबाई दिवसातून दहादा म्हणायच्या. म्हणायच्या, आणि चहाचा कप इंजिनाशेजारी ठेवून जायच्या.

नटवण्यात तर बाबासोंनी कसूर म्हणून ठेवली नाही. हल्लीची पोरं गाड्यांना काय काय लावतात ते त्यांनी मोबाईलवर बघितलं आणि नाक मुरडलं. सर्जाला त्यांनी बैलासारखा सजवला. गावाकडून शिंगांना घालायच्या पितळी शेंब्या मागवल्या आणि हँडलच्या दोन्ही टोकांना बसवल्या. वेणूबाईंच्या विरलेल्या इरकलीची झूल सीटवर चढली. टाकीला हिरवा रंग, वर लाल पट्टा. पनवेलचा स्पेअरपार्टवाला म्हणाला, "काका, टाकी जुनी आहे, पेट्रोलच्या नळीत एक फिल्टर टाका." बाबासोंनी ती पारदर्शक प्लास्टिकची डबी हातात घेऊन बघितली. "ह्यॅ! सर्जाला सलाइन लावल्यागत दिसंल," म्हणाले, आणि परत केली. दिसण्यापुढं माणसाला काही सुचत नाही, दुसरं काय?

इकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी अश्विननं विषय काढला. अश्विन तसा गरीब स्वभावाचा, घरी बसून लॅपटॉपवर काम करणारा तरुण माणूस. तो एवढंच म्हणाला, की दिवाळीआधी पार्किंग रंगवायचंय, बंद गाड्या हलवायला हव्यात. बाबासोंना ते 'बंद' लागलं. ते ताडकन उठले.

"दसऱ्याच्या दिवशी ही गाडी माज्या कारभारणीला घिऊन गेटाभायेर गेली न्हाई, तर भंगारवाल्याला मी सोता फोन करीन. सगळ्यांच्या म्होरं!"

अश्विन बिचारा "अहो काका, तसं नाही..." करत राहिला. पण मार्केटात शब्दावर जगलेला माणूस. बोलले ते बोलले.

आणि खरं सांगायचं तर बाबासोंनी जमवलं होतं. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सर्जा फुरफुरला, पार्किंगमध्ये निळा धूर झाला, पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी वेणूबाईंच्या भावाकडे, घणसोलीला, सोनं द्यायला गाडीवरून जायचं ठरलं. बाबासोंना त्या रात्री झोप म्हणून आली नाही.

दसऱ्याला सकाळी आंघोळ करून त्यांनी पाटावर हत्यारं मांडली. मार्केटातला गोणी उचलायचा हूक, सगळे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, घरातली विळीसुद्धा. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. साळुंख्यांच्या घरची रीत कडक: दसऱ्याला हत्यारं पुजली की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा.

तेवढ्यात अश्विन दारात आला. "काका, पक्कड द्या ना जरा. तोरणाची तार पिळायचीय, दोन मिनिटांत आणून देतो."

"आज हत्याराला हात न्हाई," बाबासो म्हणाले आणि त्याला उभ्या-उभ्या चांगलं प्रवचन दिलं. तुमच्या पिढीला रीतभात उरली नाही, हत्यार माझं काय नि दुसऱ्याचं काय, आज जो वापरील त्याला वर्षभर हत्यार साथ देत नाही, वगैरे वगैरे. अश्विननं मुकाट्यानं हातानं तार पिळली आणि बोट टोचून घेतलं.

अकराच्या सुमाराला सगळी सोसायटी जमली, निम्मी खाली, निम्मी गॅलऱ्यांत. सर्जाला हार घातला, ओवाळलं. अश्विननं बोटाच्या पट्टीकडे बघत विचारलंच, "काका, मग पूजा केलेली गाडी कशी चालते आज?"

"गाडी हत्यार न्हाई, जनावर हाय," बाबासो म्हणाले. बेंदराला बैलालाही कामाला जुंपत नाहीत, हे त्यांनी सोयीस्करपणे बाजूला ठेवलं. वेणूबाई नव्या साडीत, काखेत हेल्मेट धरून उभ्या होत्या. तोंडावर राग, डोळ्यांत कौतुक. बाबासोंनी किक मारली. सर्जा फुरफुरला, एकदा खोकला आणि गप्प झाला.

पुन्हा किक. पुन्हा खोकला. मग खोकलाही नाही.

बाबासो वाकले, कान लावला, नळी हलवली. त्यांना एका क्षणात समजलं. टाकीतला उरलासुरला गंज खाली उतरला होता आणि कार्बोरेटरच्या जेटच्या बारीक भोकात जाऊन बसला होता. फिल्टर असता तर वरच अडकला असता. काम पाच मिनिटांचं. नळीची क्लिप ओढायची, दोन स्क्रू सोडायचे, भोकात तार घालायची. पण करायचं कशानं? हत्यारं सगळी वर, पाटावर झेंडूखाली!

अश्विन धावत गेला आणि आपल्या कारमधला टूलकिट घेऊन आला. खरंच मनापासून आणला हो त्यानं, टोमणा मारायला नव्हे. "घ्या काका."

बाबासोंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. सकाळचं प्रवचन आता त्यांच्याच गळ्यात आलं होतं. त्यांनी सर्जाच्या शेंबीवर हात ठेवला. तरण्या वयातली एवढी एकच वस्तू उरली होती, आणि तीही आपल्याच तोंडानं घालवली! "शब्द म्हंजे शब्द," ते कसंबसं म्हणाले आणि भंगारवाल्याचा नंबर शोधायला खिशातून मोबाईल काढला.

"थांबा जरा," वेणूबाई म्हणाल्या. हेल्मेट अश्विनच्या हातात दिलं आणि लिफ्टकडे गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात सांडशी होती, उलथनं होतं, आणि रॉकेलच्या स्टोव्हची जुनी पिन होती.

"घ्या. करा काम."

"अगं पर आज हत्यार..."

"हत्यार?" वेणूबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "हत्यार असतं तर सकाळी पाटावर घेतलं असतंसा की! इळी घेतलीसा, म्हणून मी काल रातीच भाजी चिरून ठिवली. पर सांडशी? उलथनं? ती तशीच ग्यासपाशी. सकाळपास्नं पोळ्या केल्या त्या ह्याच उलथन्यानं. तुमच्या पान्याला वर्षातनं एक दिस तरी पाट मिळतो, फूल मिळतं. लगीन झाल्यापास्नं ह्या सांडशीला कुणी कधी कुंकवाचं बोट लावलंय? हिला कुणी हत्यारच म्हणलं न्हाई, मग हिला सुट्टी कसली? चालवा खुशाल!"

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुण्या बाईनं टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळ्या गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या.

बाबासो खाली बसले. सांडशीनं क्लिप ओढली, उलथन्याच्या कोपऱ्यानं स्क्रू फिरवले, स्टोव्हच्या पिनेनं जेटचं भोक टोचलं. फुंकर मारली. सगळं होतं तसं बसवलं. किक मारली आणि सर्जा असा काही गरजला की पार्किंगमधली कबुतरं उडाली. अश्विननं शिट्टी मारली. पोरं नाचायला लागली.

पण बाबासो गाडीवर बसेनात. त्यांनी ओवाळणीचं ताट मागवलं. सांडशी, उलथनं आणि पिन धोतराच्या सोग्यानं पुसून ताटात ठेवली, तिन्हींना हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं, वाकून नमस्कार केला. मग, जनाची नाही मनाची लाज वाटून की काय कोण जाणे, तसंच कुंकवाचं बोट सगळ्यांसमोर वेणूबाईंच्या कपाळाला लावलं.

"चुकलं माजं," म्हणाले.

वेणूबाई लाजल्या. पण लाजता लाजता त्यांचं डोकं चालूच होतं. त्यांनी हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि मागं बसून घेतलं.

"बघा हं, पूजा तुमी केलीसा. रीत तुमचीच. आता उद्या दिस उगवंस्तवर मलाबी कामाला लावायचं न्हाई. रातचं जेवान तुमी बघा."

सगळी सोसायटी हसली. बाबासोही हसले, आणि हसता हसता थबकले. "अगं, पर भाताचं पातेलं उतरवू कशानं? सांडशी तर पूजंत गेली!"

"उपरण्यानं," मागून आवाज आला. "आमी पदरानं उतरवतच आलोय की. चला आता."