मुसळीचा वाफा आणि मावशीची अळंबी

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात मी दरबारच्या बागेत माळी होतो. गुलाब, शेवंती, आंब्याची कलमं यांत माझा हात बसलेला. एके वर्षी बागेच्या साहेबांनी बोलावून सांगितलं, "दवाखान्याला औषधासाठी पांढऱ्या मुसळीच्या मुळ्या पुरत नाहीत. दाजीपूरच्या रानात ती आपोआप उगवते. तू जाऊन नीट लाव, म्हणजे चौपट येईल." मी मान डोलावली. जे कुणी न बघता उगवतं ते निगा राखल्यावर वाढणारच, यात मला काही शंका नव्हती.

बैलगाडीनं दोन मुक्काम करून पोचलो. झाडी एवढी दाट की भर दुपारी खाली ऊन यायचं ते तळहाताएवढं, तेही हलत हलत. कुजक्या पानांच्या थरातून कुठं एखादी मुसळी, कुठं नेच्याचं झुडूप. सगळंच मला उपाशी दिसलं. मग एका ठिकाणच्या वरच्या फांद्या तोडून घेतल्या, पानांचा थर ओढून काढला, माती भुसभुशीत केली. जवळच म्हशी राखणारी एक गवळी धनगर बाई राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्याकडचं दोन गाड्या शेणखत घातलं आणि पाऊस लागताच मुसळी लावली.

वीतभराची पानं हातभर झाली. गवतही तसंच माजलं. मी रोज खुरपत होतो आणि खूश होतो. कडेचे नेचे तेवढे करपून गेले, पण त्यांच्याकडं कोण बघतंय!

श्रावणात मावशी रिकामी बुट्टी घेऊन वाफ्यात उभी राहिली.

"पावणं, माझी अळंबी कुठं हाईत?"

"कसली अळंबी?"

"ह्या वारुळापाशी दरसाल बुट्टीभर निघत्यात की! औंदा एक न्हाय."

वाफ्याच्या कोपऱ्यात वारूळ होतं, ते मी कधी नीट बघितलंही नव्हतं. "मावशी, कशानं गेली असतील?"

"मला काय इचारता? तुमीच पानं काढली, ऊन आणलं, शेण घातलं. आन् शेण माझंच हुतं!" असं म्हणून ती मटकन वारुळाशेजारी बसली. तिला माझा राग आला होता की स्वतःचा, मला कळेना.

दिवाळीनंतर मुळ्या खणल्या, वाळवल्या आणि कोल्हापुरात हकीमसाहेबांकडं नेल्या. दवाखान्याला औषधं त्यांच्याच घरातून जायची, बापजाद्यांपासून. त्यांनी एक मुळी मोडली.

"पानं बघून खूश झालात वाटतं, माळीबुवा? ह्यात काय न्हाय की. सगळं पाणी हुतं, ते उडून गेलं."

खरंच, लांबलचक मुळ्या वाळून सुतळीसारख्या झाल्या होत्या. वाफ्याबाहेर सावलीत आपोआप उगवलेल्या चारदोन मुळ्याही मी सहज सोबत नेल्या होत्या. त्या बारीक, पण टणक निघाल्या. मला वाटलं, ऊनच वाईट.

दुसऱ्या वर्षी त्याच वारुळाच्या दोन बाजूंना दोन नवे वाफे केले. एकात ऊन ठेवलं, खत नाही. दुसऱ्यात सावली ठेवली आणि खत घातलं. सावलीतली मुसळी भाद्रपदापर्यंत सडून गेली. उन्हातली पानं आखूड राहिली, मुळ्या मात्र अशा भरल्या की हकीमसाहेबांनी दोनदा मोडून बघितल्या. म्हणजे ऊन वाईट नव्हतं. मग खत वाईट म्हणावं, तर बागेतला गुलाब खताशिवाय फुलत नाही. आणि अळंबी? ती दोन्हीकडं उगवली नाहीत. खताचा वाफा होता तिथंही नाहीत, नव्हता तिथंही नाहीत. मावशीनं स्वतः डोक्यावरून पानं आणून वारुळाभोवती पसरली होती, तरीही नाहीत.

साहेबांनी विचारलं, "मग दहा वाफे कसे करायचे ते सांग."

"साहेब, मुसळीला ऊन द्यावं, खत देऊ नये. पण त्या उन्हानं शेजारचं काय मरतं, ते मला सांगता येत नाही."

"तुला मुसळी लावायला धाडलं होतं की शेजार राखायला?"

 महिन्याभरात ते काम दुसऱ्या माळ्याकडं गेलं आणि मला गुलाबांवर परत बोलावलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि लाजही वाटली.

निघताना मावशीच्या झोपडीपाशी गाडी थांबवली. म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. पण नक्की काय चुकलं ते अजून कळलं न्हाय."

ती म्हशीला पेंढा टाकत होती. म्हणाली, "मला तरी कुठं कळतंय? माझ्या सासूला बी कळत न्हवतं. उगवली की आमी आणायचो, एवढंच." मग आत जाऊन तिनं तांब्याभर ताक आणलं. मी उभ्यानंच प्यालो. तिनं माफ केलं की आल्या पावण्याचा मान ठेवला, हे विचारायचं धाडस झालं नाही. तांब्या परत दिला आणि बैल हाकले.