हिराची साक्ष

हे माझ्या यजमानांना माहीत नव्हतं. जन्म काढला एका घरात, आणि ते न कळताच गेले. मुलाला माहीत नाही, आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. देवाला — देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, म्हणून त्यालाही मी कधी तोंड उघडून सांगितलं नाही. त्याला ठाऊकच आहे, मग पुन्हा कशाला, असं म्हणत रोजच्या प्रार्थनेत मी त्या जागेवरून पुढे सरकते. शिताफीनं सरकते. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे.

मी नाशिकची. प्राथमिक शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, पण संडे स्कूल सुटलं नाही. आमच्या मंडळीत कुणालाही विचारा, पोरं सांभाळावीत तर सुशीलाबाईंनी, असंच म्हणतील. आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडतं. दंगेखोर पोरगं माझ्याकडे पाहून मांडी घालून बसतं. गाणी, हातवारे, कापडी फळ्यावर चिकटवायची मेंढरं — सगळं माझ्या हातचं. मेंढरांच्या शेपट्यासुद्धा मी कापसाच्या करायचे.

दर शनिवारी आम्ही पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांवर जायचो. पेठकडची माणसं तिथं कामाला येतात — छाटणी, विरळणी, फवारणी. काही कुटुंबं वर्षभर बागेतच राहतात, पत्र्याच्या खोल्यांत. त्यांच्या पोरांसाठी आमचा वर्ग. गाणी, गोष्ट, एक वचन पाठ, शेवटी बिस्किटं. बाप्तिस्म्याची घाई आम्ही कधी केली नाही, एवढं आमच्या पाळकसाहेबांच्या बाजूनं बोललं पाहिजे. त्यांची बायको, आमच्या पाळकीणबाई, निवृत्त नर्स. ती आयांची नाडी बघायची, पोरांची नखं कापायची. औषधाला आमच्याकडे कधीच ना नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं वाचून तुम्ही मंडळीला बोल लावाल, तो लावू नका.

हिरा तिथं भेटली. दहा-अकराची असेल. काळी, काटक, डोळे मोठे. एकदा सांगितलेलं वचन दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. माझ्याच शब्दांत, माझ्याच आवाजात परत म्हणून दाखवायची. शिक्षकाला आणखी काय हवं असतं?

तिच्या आईला, मथुराबाईला, फिट यायची. चुलीपुढे, बागेत, कुठेही. पाळकीणबाईंनी तिला सिव्हिलला नेलं, गोळ्या सुरू केल्या, आणि बजावलं — एक दिवसाचाही खाडा नको, बरं वाटलं तरी नको. फिट थांबल्या. मथुराबाई हसायला लागली. आम्ही पोरांना घेऊन तिच्यासाठी प्रार्थनाही करत होतो, हेही खरंच आहे.

मग आला संडे स्कूलचा वार्षिक दिवस. त्या दिवशी मोठी माणसं खाली बसतात आणि पोरं उपासना चालवतात. नाच, पाठांतर, आणि एका मुलाची साक्ष — म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. त्या वर्षी मुंबईहून पाहुणे येणार होते. मी हिराला निवडलं.

तालमीत ती आपल्या भाषेत बोलली. “माज्या आईला फिट यायची. मग तिला सिव्हिलच्या गोळ्या चालू झाल्या. आन् आमी प्रार्थना बी करतो. आता नाय येत.”

सरळ, खरी साक्ष. देवाला पुरेशी होती. मला पुरली नाही! गोळ्यांचं नाव आलं की कसं फिकं होतं सगळं — पाणी घातलेल्या वरणासारखं. मी म्हटलं, ते मधलं गाळ बाळा. हिरानं विचारलं, मग गोळ्या? मी म्हटलं, गोळ्या करायची अक्कल माणसाला कुणी दिली? देवानंच ना? मग त्याचंच नाव घे. शिक्षकाला उत्तर सुचायला वेळ लागत नाही.

ती उभी राहिली, माझ्या शब्दांत बोलली, आणि अर्धी मंडळी रडली. पाहुण्यांनी चष्मे काढून डोळे पुसले. लोक हिराला जवळ घेत होते आणि माझ्याकडे बघत होते. मला काय वाटत होतं, विचारू नका.

मग बोलावणी आली. नाशिकरोड, मनमाड, सटाणा. दर खेपेला मी तिची वेणी घालायचे, आणि दर खेपेला साक्षेला धार चढत गेली. मनमाडला तिनं स्वतःच्या मनानं भर घातली — “एकही गोळी न घेता माझी आई बरी झाली.” मी पहिल्या रांगेत होते. ऐकलं. माझ्या बाजूच्या बाई ‘हालेलूया’ म्हणाल्या. मीही म्हणाले.

परतताना गाडीत मी तिला काही बोलले का? नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. लेकरू दमलंय, उठवू नये, असं मी स्वतःला सांगितलं. सबब शोधायची म्हटली की ती किती मऊ मिळते!

नाताळच्या आधी पिंपळगावलाच उपासना ठेवली. बागेतली माणसं पहिल्यांदा आली. मथुराबाई नवं लुगडं नेसून मागे भिंतीला टेकून बसली होती. आपल्या पोरीनं साहेबलोकांपुढे उभं राहून काय सांगितलं, ते तिनं त्या दिवशी कानांनी ऐकलं.

इथून पुढे माझे हात जड होतात. पण लिहायलाच बसले आहे, तर —

नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. हिरा देवदूत. तिच्या पाठीवर पुठ्ठ्याचे पंख मी टाचत होते, तोंडात टाचण्या धरलेल्या. ती मान न वळवता, हळूच म्हणाली, “टीचर, आईनं गोळ्या बंद केल्या.”

मी ‘हं’ केलं. ती पुढे बोलली. “आई बोलली, पोरगी देवाच्या घरात उभी राहून बोलली, गोळ्या नाय घेत म्हणून. आता मी घेतल्या तर पोरगी खोटी पडंल. तिला खोटं पाडायचं नाय.”

समजलं ना तुम्हाला? शपथेवर बोललेला शब्द खोटा पडू नये म्हणून आमच्याकडे माणसं काय काय करतात. ती आई लेकीचा शब्द खरा करत होती. तो शब्द लेकीचा नव्हताच, माझा होता, हे त्या बिचारीला कुठं ठाऊक?

आणि हिरानं मला सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला पटवून बघितलं — गलका होता, पेटी वाजत होती, टाचण्या होत्या. तोंडात होत्या हो, कानात नव्हत्या.

तिथल्या तिथं पाळकीणबाईंना हाक मारायची होती. त्या पलीकडच्या खोलीत चहा गाळत होत्या. त्या धावत गेल्या असत्या. पण त्यांनी विचारलं असतं — का बंद केल्या? मग साक्ष निघाली असती, मनमाड निघालं असतं, गाळलेलं वाक्य निघालं असतं. आणि पाहुणे पुन्हा येणार होते. मी टाचण्या तोंडातून काढल्या आणि म्हटलं, “बरं, बघते मी. तू सरळ उभी राहा.”

नाताळ होऊ दे, मग जाऊ, समजावू — मनाशी ठरवलंही. नाताळ झाला. छान झाला.

नंतर लगेच मथुराबाई गेली. बागेच्या कडेला शेततळं होतं, तळाला आणि काठाला काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. दुपारी ती तिथं बादली भरायला गेली आणि फिट आली. त्या कागदावर धडधाकट माणसाचा पाय टिकत नाही. नवरा पलीकडच्या ओळीत फवारत होता, फवारणीच्या यंत्राच्या आवाजात त्याला काही कळलं नाही.

पेठकडच्या नातलगांनी त्यांच्या रीतीनं सगळं केलं. आम्ही भेटायला गेलो — पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि मी. पत्र्याच्या खोलीपुढे माणसं बसलेली. हिरा दाराच्या चौकटीला धरून उभी. पाळकीणबाईंना खोलीतल्या फळीवर गोळ्यांची न फोडलेली पाकिटं दिसली. नर्स ती, तिला एका नजरेत कळलं. रडत रडतच तिनं हिराला जवळ घेतलं आणि विचारलं, “बाळा, आईनं गोळ्या बंद केल्यात, तुला माहीत होतं? मग कुणाला का नाही सांगितलंस गं?”

हिरानं माझ्याकडे पाहिलं.

मला वाटतं, ती वाट बघत होती. मी बोलेन याची. टीचर सांगतील की हिरानं सांगितलं होतं. आणि मी बोललेच! तिचं तोंड उघडायच्या आत बोलले. “लहान आहे हो ती. घाबरून कुणाला सांगितलं नसेल.”

पाळकीणबाईंनी तिची हनुवटी वर केली. हिरा म्हणाली, “मी घाबरून कुणाला सांगितलं नाही.”

माझ्याच शब्दांत. माझ्याच आवाजात. मीच शिकवलं होतं ना तिला — टीचर म्हणतील तसं म्हणायचं.

हे आहे ते. वाक्य गाळणं ही चूक म्हणा, हाव म्हणा, अशा चुका माणसांच्या होतात. गप्प बसले ती भीती. पण भर अंगणात आई गेलेल्या पोरीच्या डोक्यावर मी ते उचलून ठेवलं, याला काय म्हणायचं? मला शब्द माहीत आहे. लिहवत नाही. पाप. लिहिला.

तिच्या बापानं ते ऐकलं. त्यानं तिला मारलं नाही. तो तिच्याशी बोलायचाच बंद झाला. पुढच्या हंगामाआधी तिला पेठला मावशीकडे पाठवून दिलं. मी जाऊ शकत होते — नाशिकहून पेठ काय लांब आहे? एसटी मिळते. आज जाऊ, परीक्षा झाल्यावर जाऊ, पाऊस ओसरल्यावर जाऊ. चोराच्या मनात चांदणं, तशी गत. पेठची गाडी दिसली तरी मी स्टँडवर तोंड फिरवायचे. इकडे पाळकीणबाई आजारी पडल्या, त्यांच्या उशाशी मी कितीदा बसले. त्या एकदा म्हणाल्याही, ते लेकरू बोललं असतं तर बाई वाचली असती गं. मी त्यांना मोसंबीचा रस पाजत होते. पाजत राहिले. आता त्याही नाहीत.

मंडळीनं मला शाल दिली, मुलांमधल्या सेवेबद्दल. टाळ्या वाजल्या. मी हात जोडले. उभी राहिले की नाही सरळ?

आणि परवा हिरा आली.

मी ओळखलंच नाही. बाई झालेली, साडी, पर्स, कडेवरून उतरवलेला चार-पाच वर्षांचा मुलगा. नवऱ्याला सातपूरला कंपनीत काम लागलंय, आता नाशिकलाच राहतात. पत्ता विचारत विचारत आली. माझ्या पाया पडली. मी चहा टाकला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. ती किती चांगलं बोलत होती माझ्याबद्दल! गाणी आठवत होती, कापसाच्या शेपट्या आठवत होत्या. मला वाटलं, आता बोलेल, आता म्हणेल — टीचर, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? मनातून मी त्याची वाटच बघत होते. शिव्या दे, काहीही कर, पण तूच बोल.

ती बोलली. मुलाच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “टीचर, याला तुमच्या वर्गात घ्या. हा लय लाजतो, काय झालं तरी सांगत नाय कुणाला. याला बोलायला शिकवा. माझ्यासारखं नको व्हायला. मी तेव्हा कुणाला एक शब्द बोलले असते, तर माझी आई असती.”

तिला आठवतच नाही. पंख, टाचण्या, काहीच नाही. मी दिलेलं वाक्य तिनं इतकी वर्षं पाठ म्हटलं, इतकं म्हटलं, की तेच खरं झालं. तिच्या बाजूनं बोलणारं आता जगात कुणी नाही. ती स्वतःसुद्धा नाही. खरं काय ते एकटी मी जाणते.

ती समोर बसली होती. हातभर अंतरावर. घरात दुसरं कुणी नव्हतं. एकच वाक्य बोलायचं होतं — तू सांगितलं होतंस गं, मला सांगितलं होतंस.

मी मुलाला बिस्किट दिलं आणि म्हटलं, रविवारी आण त्याला.