आमच्या घरच्या आखूड सुऱ्या

लग्न होऊन मी मोहाडीजवळच्या या तलावकाठच्या गावात आले तेव्हा माझ्या पेटीत सहा साड्या आणि एक सुरी होती. साड्यांबद्दल मी काही बोलले नाही. सुरीबद्दल मात्र आठवडाभर बोलत होते. माझा भाऊ सुऱ्यांच्या कारखान्यात होता ना. पोळी लाटून वाटीनं पुऱ्या काढाव्यात तशा तिथे पोलादी पत्र्यातून मशीन सुऱ्या छापून काढते, मग भट्टी, मग धार, मग प्लॅस्टिकची मूठ. हे मी सासूबाईंना असं सांगायचे, जणू मशीन माझ्या बापाचं आहे.

त्या ऐकून घ्यायच्या. त्यांची सुरी काळी, जाड पाठीची, वीतभरसुद्धा नाही. मला तिची कीव यायची.

आमच्याकडे तलावात मोठं जाळं पडलं की सगळ्यात मोठ्या रोहूचं डोकं जी बाई एका घावात फोडेल, तिनंच त्या दिवशी घरोघरचे वाटे करायचे. मला ते वाटे हवे होते. भाकरी गोल जमत नव्हती, पण गावाला मासोळी मीच वाटणार होते. जाळं पडलं, पदर खोचून मी घाव घातला. रोहू होता तसाच राहिला. सुरी वाकली.

"कारखान्यातली हाय," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "रोहूले नमस्कार करून राहिली."

पुढचं जाळं पंधरा दिवसांनी होतं. आदल्या दिवशी मी ती वाकडी सुरी घेऊन लोहाराकडे गेले. म्हटलं, हिला ठोकून जाड करून द्या.

"ठोकलं तर पातळ होते, बाई," म्हातारा म्हणाला. "तू काय भाकरी समजली?"

भाकरीही ठोकून पातळच होते, हे मला घरी आल्यावर सुचलं.

त्यानं ट्रकच्या जुन्या कमानपट्टीचा तुकडा भट्टीत घातला. रीत अशी, की जिची सुरी तिनंच भाता ओढायचा. मी असा ओढला की तुकड्यातून फुलझडीसारख्या ठिणग्या उडाल्या.

"हळू वं. पोलाद जळून राहिलं."

तो तुकडा वाया गेला. दुसरा त्यानं ठोकून ठोकून धारेकडे पातळ केला, पाठ जाड ठेवली, आणि लाल असतानाच पाण्यात बुडवला.

"आता हे काचेवानी हाय. पुन्हा जराशी आच दाखवा लागते, तवा ताठा उतरते. परवा ने."

जाळं उद्या होतं. म्हातारा चहाला आत गेला आणि मी सुरी पदराखाली घालून निघाले. घरी दगडावर धार लावली, मुठीला चिंधी गुंडाळली.

सकाळी घाव घातला. डोकं फुटलं. सुरीही फुटली, आणि पुढचा अर्धा तुकडा उडून तलावात गेला. सासरे दोन दिवस त्या बाजूला पाण्यात उतरले नाहीत. आधी डोकं फुटलं की सुरी, यावर बायकांची पंचायत बसली.

"फुटलं ना?" सासूबाई म्हणाल्या. "करू द्या तिले वाटे."

मी वाटे केले. सगळ्या गावाला पुरले, आमचं घर तेवढं मी विसरले. त्या दिवशी आम्ही अंबाडीची भाजी खाल्ली.

दुपारी सासूबाई उरलेला अर्धा तुकडा लोहाराकडे घेऊन गेल्या. त्यानं भट्टी पेटवूनच ठेवली होती. आच दाखवली, घासून टोक काढलं, लाकडी मूठ बसवली. घरी येऊन त्यांनी ती आपल्या सुरीशेजारी ठेवली. दोन्ही सारख्याच आखूड.

"तुमचीबी?" मी विचारलं.

"अर्धी तलावात हाय. माह्या सासूचीबी."

आता नातसून आलीय. तिनं मोबाइलवरून सुरी मागवली. खोक्यावरचं इंग्रजी ती मला आठवडाभर वाचून दाखवत होती. मी ऐकून घेतलं. तिलाही वाटे हवे आहेत. तिची सुरी गेल्या जाळ्याला वाकली.

आज ती भट्टीपाशी बसलीय, मी तिच्या शेजारी. भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, त्याचं बटण तिच्या हाती. लोहाराचा मुलगा, तोही आता म्हातारा, सुरी पाण्यातून काढून म्हणाला, "परवा न्या." आणि चहाला आत गेला.

जाळं उद्या आहे. नातसुनेनं माझ्याकडे पाहिलं.

मी तलावाकडे बघत बसले.