सतराव्या हालचालीनंतरचा थांबा

ब्लॅक बेल्टच्या परीक्षेला निबंधही असतो हे कळलं तेव्हा मी खूशच झाले. सेहेचाळिसाव्या वर्षी माझी लाथ कमरेच्या वर जात नाही, पण निबंधात मला कोण हरवणार? विषय होता आपल्या कराटे-घराण्याचा इतिहास. गाण्यासारखी कराटेतही घराणी असतात आणि प्रत्येकाला आपलंच अस्सल वाटतं.

इथे अमेरिकेत, अ‍ॅशबर्नमध्ये, एका ड्रायक्लीनरच्या शेजारी आमचा क्लास भरतो. शिकवणारे सेन्सेई अमेरिकन, सत्तरीचे, मोजकं बोलणारे. निबंधासाठी त्यांनी आपल्या दिवंगत गुरूंच्या जुन्या व्हिडिओ टेप्सचं खोकं मला दिलं. हे गुरू सैनिक म्हणून जपानच्या ओकिनावा बेटावर गेले आणि कराटे शिकून परतले.

मी कसून अभ्यास केला. बेटावरच्या जुन्या विद्येत चीनकडून आलेले डाव मिसळले. पुढे ती शाळेतल्या मुलांना शिकवायची म्हणून घातक डाव सौम्य केले गेले. जपानच्या मुख्य बेटांवर गेल्यावर पांढरा पोशाख आणि रंगीत पट्टे आले, आणि युद्धानंतर सैनिकांबरोबर ती अमेरिकेत पोचली. एवढं सगळेच लिहितात. मला तेवढ्यावर गप्प बसवेना.

आमच्या कातामध्ये, म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या मालिकेत, सतराव्या हालचालीनंतर क्षणभर थांबायचं असतं. "इथे समोरच्याचा श्वास ऐकायचा," असं सेन्सेई सांगत. हा थांबा आमच्या क्लासचा अभिमान होता. पण सुरुवातीच्या टेप्समध्ये गुरू तिथे थांबतच नव्हते. नंतरच्या एका टेपमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याला जाड पट्टा दिसला, आणि थांबाही तिथपासूनच. शाळेत कायम जादा पुरवण्या घेणारी मी. हा शोध शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिला आणि ओकिनावाहून येणाऱ्या परीक्षकांना मेल करून टाकला. सेन्सेईंनाही कॉपी ठेवली.

पाठवल्यावर पाच मिनिटांत मी ते पान पुन्हा उघडून वाचलं. या माणसाने जन्मभर जे श्वास म्हणून शिकवलं, ते दुखरा गुडघा होता असं मी परक्या परीक्षकाला कळवलं होतं.

"मेल रिकॉल करून बघ ना," नवरा म्हणाला.

"बाहेरच्या आयडीला रिकॉल होत नाही रे."

"मग फोन करून सॉरी म्हण."

"काय म्हणून सॉरी म्हणू? खोटं लिहिलंय का मी?"

परीक्षेपर्यंतचे तीन आठवडे मी नीट झोपले नाही. सेन्सेई नेहमीसारखे शिकवत राहिले. माझ्या कोपराचा कोन सुधारताना त्यांचा हात जरा जास्त जोरात लागला का, यावर मी घरी येऊन तासभर विचार करायचे.

परीक्षेत मी घाबरून नेहमीपेक्षाही जास्त वेळ थांबले. परीक्षकांनी निबंधाचं शेवटचं पान उघडलं आणि सगळ्यांसमोर सेन्सेईंना विचारलं, "हे खरं आहे?"

"खरं आहे," सेन्सेई म्हणाले. "टेप्स माझ्याच घरात होत्या. मी कधी नीट पाहिल्या नाहीत, हिने पाहिल्या."

मी पास झाले. ब्लॅक बेल्ट त्यांनी स्वतः माझ्या कमरेला बांधला. मला त्यांच्याकडे वर बघवेना.

सोमवारी क्लासमध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे काता न थांबता करायचा. ते पुढे उभे राहून आकडे मोजू लागले. सतरा झाले आणि त्यांचा पाय थांबला. आम्ही सगळे पुढे गेलो, ते मागे राहिले.

"सॉरी," ते म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून."

पुन्हा तिथेच थांबले. तिसऱ्यांदाही.

मला कमरेचा ब्लॅक बेल्ट सोडून कोपऱ्यात टाकावासा वाटला. तेवढ्यात त्यांनी मला हाक मारली. "तू पुढे ये आणि दाखव," म्हणाले, आणि मागच्या ओळीत, गेल्या महिन्यात आलेल्या मुलांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.