ते मागतील तेव्हाच चावी

आमचे हे बोटीवर ड्रायव्हर झाले, तेव्हा माझ्या माहेरी कुणाला खरंच वाटेना. सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलमध्ये मशीनं दुरुस्त करणारा माणूस, त्याचा पाण्याशी काय संबंध! पण मिलच्या वाफेनं यांना खोकला धरला आणि डॉक्टरांनी मिल सोडायला सांगितली. त्याच सुमारास एका साडीवाल्या शेठनं हौसेनं मोटरबोट घेऊन तापीवर मगदल्ल्याकडे धक्क्याला बांधून ठेवली होती. इंजिन डिझेलचं होतं, यांना तेवढी ओळख पुरली.

त्या बोटीचे लाड विचारू नका. पाणी ओढणारी जाळी उघडून गाळ काढ, पट्टा दाबून बघ, तळाचं पाणी उपस. बोट ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्याच्या दांड्यापाशी थेंब थेंब पाणी गळायचं, ते बघत बसायचे. मी म्हटलं, "अहो, गळतंय तर बंद करा की!" तर म्हणे, "गळायलाच पाहिजे. थांबलं तर आतून जळेल." धन्य ती बोट आणि धन्य तिचा ड्रायव्हर.

एक खोड मात्र मिलमधून तशीच आली होती. तिथं मशीनमध्ये हात घालण्याआधी फिटर फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. यांच्या एका सोबत्यानं एकदा फ्यूज नुसता बाजूला ठेवला. कुणीतरी मदत म्हणून तो लावून दिला आणि त्या माणसाचा हात कोपरापासून गेला. म्हणून बोटीच्या पंख्याजवळ उतरायचं असेल, तर इंजिनची चावी काढून माझ्या हातात. "मी स्वतः मागेन तेव्हाच द्यायची. मधे देव आला तरी नाही." मी आपली हो हो म्हणायचे.

त्या दिवशी इंजिनची सर्व्हिस झाल्यावर बोट फिरवून बघायची होती. शेठनं घरच्यांना न्यायला परवानगी दिली. सासूबाईंचा नवस होता. लेक मिलमधून सुटला तर तापीला साडी नेसवीन. त्या भुसावळकडच्या, तापी म्हणजे त्यांचं माहेरच. एक साडी नदीला कशी पुरणार म्हणून त्यांनी दोन लाल साड्या दुहेरी टाके घालून एकमेकींना जोडल्या होत्या. सुरतची पॉलिस्टर साडी, फाटायचं नाव नको.

यांनी नदीत इंजिन बंद केलं. सासूबाईंनी साडी सोडली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. साडी दिसेनाशी झाली तसं आम्हाला वाटलं, गेली. ती गेली नव्हती, ओहोटीच्या ओढीनं बोटीखाली शिरली होती. यांनी चावी फिरवून गिअर टाकला आणि इंजिन कण्हल्यासारखं करून गप्प झालं. पंख्याला साडी गुंडाळली होती.

यांनी आधी नांगर टाकला, तो तळात घट्ट रुतला. मग चावी माझ्या हातात दिली, कमरेला दोर बांधला आणि सुरी घेऊन बोटीच्या मागं पाण्यालगत असलेल्या फळीवरून उतरले. नारिंगी लाइफ जॅकेट खाली जाऊ देईना, म्हणून काढून फळीवर ठेवलं. लाल चिंध्या वर येऊ लागल्या. दम घ्यायला हे वर यायचे, पुन्हा खाली जायचे. मग मोठा लाल गोळा सुटून वाहत गेला. मी म्हटलं, चला, सुटलो. आता वर येतील.

आले नाहीत.

मी दोर ओढला. तो सैल लागला आणि सरळ हातात आला, नुसता दोर. तेवढ्यात सासूबाई किंचाळल्या, "मना पोऱ्या वाही गया वं!" मी वळून बघितलं. दूर, उन्हाच्या चकाकीत, नारिंगी काहीतरी वरखाली होत समुद्राकडे निघालं होतं. फळीवरचं जॅकेट जागेवर नव्हतं. जॅकेट एकटंच होतं की आत माणूस होता, मला दिसेना. पाणी तर चहासारखं गढूळ.

"चालू कर! दे ती चावी माले!" सासूबाई माझ्या मुठीवर तुटून पडल्या. बोट चालू करणं मला येत होतं, यांनीच शिकवलं होतं. नांगराचा दोर कापायचा, चावी फिरवायची, यांच्या मागे जायचं. पंखाही सुटला असणार. हे वाहत गेले असतील तर प्रत्येक क्षणाला दूर जात होते. आणि बोटीखाली असतील तर? मी पाणी उपसायचं पातेलं घेऊन फळीवर बडवलं, एरवी घेत नाही ते यांचं नाव घेऊन ओरडले. नारिंगी ठिपका लहान होत चालला होता. सासूबाईंनी माझ्या मनगटावर नखं रोवली. "तू खाई गई मना पोऱ्याले!" मी त्यांना ढकललं. होय, सासूला ढकललं. मूठ पोटाशी धरून मी खाली बसले आणि रडत एकच घोकत राहिले, त्यांनी मागितली नाही, अजून मागितली नाही.

मग फळीखालून ठक ठक झालं. सुरीची मूठ फळीच्या कडेवर आली, तिच्यामागे यांचा हात. फळीच्या पोटाखाली तोंडापुरती हवा होती, तिथं दम घेत हे दांड्यावर वितळून चिकटलेला जोड काढत होते, सासूबाईंचे ते दुहेरी टाके. कमरेचा दोर साडीत अडकत होता म्हणून सोडून दिला होता. कानात पाणी, ऐकू काय येणार!

वर येऊन खोकले, धापा टाकल्या आणि हात पुढे केला. "दे चावी."

मी ऐकलं. पण मूठ उघडेना. मला उघडायची होती, बोटंच ऐकेनात. तेव्हा सासूबाई सरकत माझ्याजवळ आल्या. मघाशी ज्या मुठीला ओरबाडलं, तीच मांडीवर घेतली आणि एकेक बोट चोळत सोडवायला लागल्या.

"सोड आते माय," त्या म्हणाल्या. "तो वर उना. तो चावी मांगी ऱ्हायना."